डिझेल इंजिनासाठी हवा तसा बदलता येणारा कंट्रोलर कसा निवडावा
कंट्रोलर म्हणजे इंजिन चालू-बंद करणारे व त्यावर लक्ष ठेवणारे उपकरण. सर्वप्रथम इंजिनाचा इंधनपंप यांत्रिक आहे की इलेक्ट्रॉनिक, हे पाहावे. इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) बहुधा कॅन बसवर (उपकरणांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर) जे १९३९ या ठरलेल्या संदेशप्रणालीने माहिती देतो; ती कंट्रोलरला वाचता आली पाहिजे. यांत्रिक इंजिनासाठी मात्र तेलदाब, तापमान व वेग यांचे सेन्सर थेट जोडता येणारा कंट्रोलर लागतो, आणि त्या सेन्सरची वैशिष्ट्ये (किती दाबाला वा तापमानाला कोणता संकेत मिळतो ते) त्यात भरता आली पाहिजेत, नाहीतर पडद्यावरचा आकडा निव्वळ शोभेचा ठरतो. पुरवठा १२ व्होल्टचा की २४ चा, हे तपासावे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज बरेच उतरते, तेव्हाही कंट्रोलर बंद पडता कामा नये. सेटिंग बदलण्याचे सॉफ्टवेअर विक्रेत्याकडेच अडकून राहणार असेल, तर त्या लवचीकतेला फारसा अर्थ नाही. आपत्कालीन बटण प्रोग्रामवर न सोपवता थेट इंधनपुरवठा तोडेल असे जोडावे.