मुंबई ते नागपूर विमानाने किती अंतर आणि किती वेळ, हिशोब कसा करायचा

मी डोंबिवलीला राहतो, आई नागपूरला, त्यामुळे हा हिशोब मला दर दोन-तीन महिन्यांनी करावा लागतो, म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी अंतर. रस्त्याचं किंवा रेल्वेचं अंतर इथे धरू नका, रेल्वेने ते 837 किमी होतं पण विमान जवळपास सरळ रेषेत जातं. सोपं करायचं तर कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, मुंबई विमानतळावर राईट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन निवडा आणि मग नागपूर विमानतळावर क्लिक करा, झालं. हाताने काढायचं असेल तर तेही जमतं. मुंबई विमानतळ साधारण 19.09 अक्षांश, 72.87 रेखांश, नागपूर 21.09 आणि 79.05. अक्षांशाचा फरक 2, एक अंश म्हणजे 111 किमी, म्हणून 222. रेखांशाचा फरक 6.18, पण रेखांश उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येत जातात त्यामुळे आपल्याकडे एक अंश साधारण 104 किमीच भरतो, म्हणजे 643. दोन्हीचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा, उत्तर 680 किमी. शाळेतला पायथागोरस इथे खरंच कामाला येतो! लंडनसारख्या लांबच्या शहराला मात्र ही पद्धत चालत नाही, पृथ्वी गोल आहे ना, तिथे मॅपच वापरा.

आता वेळ. ताशी 800 किमी धरा, 680 ला 51 मिनिटं. त्यात विमानाचं गेट ते धावपट्टी जमिनीवरून सरकत जाणं, वर चढणं, खाली उतरणं याचा अर्धा तास मिळवा, झाले एक तास वीस मिनिटं. तिकिटावर साधारण दीड तास दिसतो कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते आणि कंपन्या थोडी जास्तच धरतात. शिवाय मुंबईत विमान बहुतेक वेळा पश्चिमेला समुद्रावर उडतं आणि मग वळून नागपूरकडे येतं, त्यात काही मिनिटं जातात. परत येताना थोडा जास्त वेळ धरा, थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून असतो आणि मुंबईवर गर्दी असली तर विमान हवेतच घिरट्या घालत राहतं.

पण खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. घरून विमानतळ दीड तास, तिथे दोन तास आधी पोचायचं, उड्डाण दीड तास, बॅग घेऊन सोनेगावहून, म्हणजे नागपूर विमानतळावरून, आईच्या घरी पाऊण तास, टोटल पावणेसहा. समृद्धी महामार्ग 701 किमीचा आहे आणि भिवंडीजवळ आमण्यालाच सुरू होतो, गाडीने आठ-नऊ तासांत पोचता येतं, चौघं असाल आणि तिकीट महाग असेल तर मी गाडीच काढतो, एकटा असलो की विमान.

आणि तिकिटावर विमानतळाचं नाव नक्की वाचा, आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, तिथला रस्ता आणि वेळ वेगळा.

घरच्यांना लँडिंगची वेळ सांगू नका, त्यात अर्धा तास मिळवून सांगा. आई जिना उतरून खाली येऊन उभी राहते हो, उगाच उन्हात ताटकळते.