डॅकचं क्लॉक बदलायच्या आधी हे तेवढं करून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या ऑडिओवाल्यांचा सारखा एकच प्रश्न असतोय, डॅकचं, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्राचं, क्लॉक (आत ठेका धरणारं क्रिस्टल) अपग्रेड केलं तर आवाज सुधारतो काय? माझं मत सांगतो, धड चालणाऱ्या आजच्या डॅकमध्ये बहुतेक वेळा कानाला काहीच कळत नाही, त्यामुळं सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी तपासून घ्या.

पीपीएमचे (दहा लाखात किती चूक त्याचे) आकडे बघून भुलू नका. क्रिस्टल ५० पीपीएमनं चुकलं तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचा फरक, सूर हललेला कुणाला कळणार? रुबिडियमच्या अणुघड्याळाची अचूकता इथं कामाची नाही, बघायचं ते जिटर, म्हणजे प्रत्येक टिक जागेवर पडतेय की जरा आधी-नंतर. १९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन यांनी लोकांना ऐकवून बघितलं तेव्हा नुसत्या टोनला साधारण १० नॅनोसेकंद आणि गाण्यात २० च्या आसपास जिटर झाल्यावर कळायला लागलं, आणि बऱ्यापैकी डॅकमध्ये ते १ नॅनोसेकंदाच्या आतच असतंय.

आता तपासायचं कसं? डॅकमधून १० किलोहर्ट्झचा टोन सोडा, ऑडिओ इंटरफेसनं (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) रेकॉर्ड करा आणि आरईडब्ल्यू (REW) या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम बघा. उंच रेघेच्या दोन्ही अंगाला सारख्या अंतरावर बारक्या रेघा दिसल्या तर जिटरचा संशय घ्या, १ नॅनोसेकंदाचं असलं तर त्या जवळपास ९० डीबी खाली दिसतात. इंटरफेसला पण स्वतःचं क्लॉक असतं, म्हणून आधी आणि नंतर तोच वापरा.

ऐकून ठरवायचं तर क्लॉक बदललेला आणि न बदललेला, दोन्ही डॅकचा व्हॉल्यूम एकसारखा पायजेच. १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा, एकीकडं २.०० व्होल्ट आला तर दुसरीकडं २.०२ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर मोठा वाजणारा चांगलाच वाटतो. मग कुठलं चालू आहे ते न सांगता मित्राला बदलायला लावा. तानपुऱ्याचा लांब सूर घ्या, आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमारजींचं (कुमार गंधर्वांचं) रेकॉर्डिंग लावलं तर उत्तमच.

बाहेरचं १० मेगाहर्ट्झचं क्लॉक घेणार असाल तर थांबा की जरा. डॅकला लागतात २२.५७९२ किंवा २४.५७६ मेगाहर्ट्झ, मग १० वरून ते करायला आत पीएलएल (एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरी तयार करणारं सर्किट) लागतो आणि तिथं जिटर वाढू पण शकतं.

जुन्या सीडी प्लेअरचं क्रिस्टल मेलं असेल तर मात्र बिनधास्त बदला. जुन्या क्रिस्टलवर छापलेला आकडा, समजा १६.९३४४ मेगाहर्ट्झ, तोच घ्या आणि ऑसिलेटर मॉड्यूल बसवणार असाल तर ते ३.३ व्होल्टचं की ५ चं हे आधी बघा.