छोट्या ऑफिसची रीसेल किंमत कशी काढावी

उपनगरातल्या व्यापारी संकुलातलं छोटं ऑफिस विकायचं असो की घ्यायचं, जाहिरातीतले भाव आधी बाजूला ठेवा. ते मागितलेले आकडे. प्रत्यक्षात काय ठरलं ते खरेदीखतात दिसतं. त्याच इमारतीतले वर्षभरातले तीन-चार व्यवहार मिळाले तरी पुरे.

तुलना करताना दर कार्पेट एरियावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेवरच काढा. ६०० चौरस फूट ‘सेलेबल’ जागा (जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून सांगितलेली) ६,००० च्या दराने ३६ लाखांना पडते; कार्पेट ४०० फूट भरलं तर खरा दर ९,०००. शेजारच्या इमारतीत ५६० फुटांना ६,२०० सांगतात, कार्पेट तेवढंच, एकूण ३४,७२,०००. म्हणजे ८,६८०. सांगितलेला दर चढा, तरी जागा स्वस्त. टेप लावून स्वतः मोजा.

मग भाड्यावरून ताळा घ्या. दरमहा ३०,००० प्रमाणे वर्षाचे ३,६०,०००. त्यातून एक महिना रिकामा म्हणून ३०,००० आणि मेंटेनन्स-करापोटी समजा ६०,००० वजा केले की उरतात २,७०,०००. घेणाऱ्याला ८ टक्के परतावा हवा असेल तर किंमत येते ३३,७५,०००. ९ टक्के हवा असेल तर ३० लाख. एका टक्क्याने पावणेचार लाख हलतात, त्यामुळे घासाघीस खरं तर इथेच करायची असते. भाडं मात्र इमारतीत सर्रास मिळणारं धरा. सध्याचा भाडेकरू जास्त देत असेल तर करार संपल्यावर तो आकडा टिकेलच असं नाही.

नव्या संकुलात भाव पाडणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बिल्डरकडचे न विकलेले गाळे. तो हप्त्यांची सवलत देत असताना त्याच दराने तुमच्याकडे कोण येणार? त्यातच ताबा मिळताच गुंतवणूकदार एकसारखी ऑफिसं एकदम विकायला काढतात. घाई नसेल तर हा साठा संपेपर्यंत थांबा.

पार्किंग कागदावर नावे असेल तरच त्याचे पैसे धरा. फर्निचरची किंमत सहसा विकणाऱ्याच्याच मनात असते. नवा माणूस पार्टिशन तोडणार असेल तर उलट तो खर्च वजा होतो. मेंटेनन्सची थकबाकी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) विसार घेण्याआधी तपासा, नाहीतर घेणाऱ्याचं कर्ज ऐनवेळी अडकतं.

भाव सांगितल्यावर दीड-दोन महिने कोणी पाहायलाच आलं नाही तर आकडा चुकलाय. लोक पाहून जातात पण बोली लावत नाहीत, तेव्हा आधी जागा आणि कागदपत्रं तपासा, भाव नंतर उतरवा.