दुसऱ्याचं फोल्डर उघडताय? अ‍ॅडमिननं या चुका टाळा

एका कॉम्प्युटरवर तिघाचौघांची खाती असली की कुणाचंही काही अडलं तरी हाक अ‍ॅडमिनलाच येते, म्हणजे ज्याच्या खात्याला कॉम्प्युटरचे सगळे अधिकार आहेत त्याला. "माझ्या फाइल्स दिसत नाहीत, जरा बघ ना." बघायला गेल्यावर हातून होणाऱ्या चुका बहुतेक वेळा निस्तरता येतात, पण एक चूक अशी आहे की तिच्यात फाइल्स कायमच्या जाऊ शकतात. म्हणून तीच आधी सांगतो.

विचार न करता पासवर्ड रीसेट करणं

पासवर्ड बदलणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. बदलताना जुना पासवर्ड द्यावा लागतो, रीसेट करताना लागत नाही. विंडोजच्या लोकल खात्यात, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरवर असलेल्या खात्यात, काही गोष्टींचं कुलूप त्या जुन्या पासवर्डशीच बांधलेलं असतं: ईएफएसनं (विंडोजमधली एकेक फाइल कुलूपबंद करायची सोय) एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स, साठवून ठेवलेले पासवर्ड, वैयक्तिक सर्टिफिकेट. अ‍ॅडमिननं बाहेरून रीसेट केलं की खातं उघडतं, डेस्कटॉप नीट दिसतो, पण एन्क्रिप्ट केलेली फाइल उघडायला गेलं की ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. रीसेट करताना विंडोज याचा इशारा देतं. तो खात्याच्या मालकाला वाचून दाखवा आणि त्याची फाइल अडकणार नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जा.

आधीच रीसेट करून बसला असाल तर घाईनं फाइल्स डिलीट करू नका. मालकाला जुना पासवर्ड नंतर आठवला, तर तोच पुन्हा लावल्यावर फाइल्स सहसा उघडतात. त्यानं ईएफएसचं सर्टिफिकेट, फाइल्स उघडणाऱ्या खासगी किल्लीसकट, बाहेरच्या डिस्कवर एक्सपोर्ट करून ठेवलं असेल, तर तेही चालतं. यातलं काहीच नसेल, तर फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊनही उपयोग नाही. मालकी मिळते, मजकूर मिळत नाही. मॅकवरही लॉगिन पासवर्ड रीसेट केल्यावर जुनी कीचेन (साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी) जुन्याच पासवर्डनं बंद राहते.

‘कंटिन्यू’ दाबून मोकळं होणं

अ‍ॅडमिननं दुसऱ्याच्या फोल्डरवर डबल-क्लिक केलं की विंडोज सांगतं, तुम्हाला इथे परवानगी नाही, कायमची परवानगी हवी असेल तर ‘कंटिन्यू’ दाबा. यातला ‘कायमची’ हा शब्द नजरेतून सुटतो. एका क्लिकनं तुमचं खातं त्या फोल्डरच्या परवानग्यांच्या यादीत लिहिलं जातं आणि काम संपल्यावरही तिथून जात नाही. उद्या तुमचे अ‍ॅडमिन अधिकार काढून घेतले, तरी ते फोल्डर तुम्हाला उघडंच राहतं आणि ज्याचं आहे त्याला याचा पत्ताही नसतो. मला ही सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, तरी एका माणसाचा खासगीपणा गुपचूप संपतो.

सरळ मार्ग म्हणजे मालकाला शेजारी बसवून त्याच्याच खात्यातून फाइल शोधणं. ‘कंटिन्यू’ आधीच दाबलं असेल, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर जा आणि तिथलं फक्त आपलं नाव काढा. ‘सिस्टिम’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ या नोंदींना हात लावू नका. नुसता बॅकअपच घ्यायचा असेल, तर अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी (विंडोजमधली फाइल्स कॉपी करायची कमांड) बॅकअप मोडमध्ये चालवा, म्हणजे मूळ परवानग्या न बदलता कॉपी होते. मात्र ही कॉपी जिथे ठेवाल तिथल्या परवानग्या तिला लागतात. सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ती टाकलीत, तर मूळ कुलूप जपून काही उपयोग झाला नाही.

अख्ख्या ड्राइव्हची मालकी घेणं

विंडोज नव्यानं टाकल्यावर जुन्या डिस्कवरच्या फाइल्स उघडत नाहीत, कारण नाव तेच ठेवलं तरी नव्या खात्याचा ओळख क्रमांक वेगळा असतो. सिक्युरिटी टॅबवर नावाऐवजी ‘एस-१-५-२१’नं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली, तर ती जुन्याच खात्याची खूण. इथे मालकी घेणं रास्त आहे, पण ज्याच्या फाइल्स त्याच्याच खात्याच्या नावे आणि त्याच्याच जुन्या फोल्डरपुरती. चालू विंडोजच्या संपूर्ण सी ड्राइव्हवर हा प्रयोग केला की सिस्टिमच्या फाइल्सची मालकी आणि सगळ्यांचे खासगी फोल्डर एकदमच विस्कटतात.

आणखी एक. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही म्हणून त्याच्या परवानग्या बदलू नका. व्हिस्टापासून ते खरं फोल्डर राहिलेलंच नाही, जुन्या प्रोग्रामांसाठी ‘युजर्स’कडे नेणारा तो दुवा आहे आणि तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो.

डिस्क एन्क्रिप्ट केली म्हणजे एकमेकांपासून झाकलं, असं समजणं

बिटलॉकर, म्हणजे विंडोजची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय, लॅपटॉप चोरीला गेल्यावर कामी येतो. कॉम्प्युटर सुरू झाला, डिस्क उघडली, की अ‍ॅडमिनसाठी त्याचा काही अडसर उरत नाही. मॅकवर २००३ साली आलेला पहिला फाइलव्हॉल्ट प्रत्येकाचं होम फोल्डर वेगळं कुलूपबंद करायचा, २०११पासूनचा अख्खी डिस्क करतो. म्हणजे आता तोही एका खात्याला दुसऱ्यापासून वाचवत नाही. लिनक्सवर रूटला, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनला, परवानग्या अडवतच नाहीत, आणि लिनक्सच्याच उबंटू या प्रकारात २१.०४ आवृत्तीच्या आधी तर होम फोल्डर इतर साध्या खात्यांनाही वाचता यायचं. जुनं इन्स्टॉलेशन असेल, तर होम फोल्डरची परवानगी ७०० (म्हणजे फक्त मालकाला) आहे का ते आजच पाहा. फोल्डर ‘हिडन’ करणं तर कुलूप नव्हेच.

खरोखर खासगी असलेल्या फाइल्ससाठी मालकानं स्वतःच्या पासवर्डनं सेव्हन-झिपची एन्क्रिप्टेड फाइल किंवा व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामचं व्हॉल्यूम, म्हणजे पासवर्डनं उघडणारा कुलूपबंद ड्राइव्ह, करावं. व्हॉल्यूम उघडं ठेवून खातं नुसतं ‘स्विच’ करू नये, कारण माउंट केलेलं, म्हणजे उघडून ठेवलेलं, व्हॉल्यूम त्या वेळी लॉगिन असलेल्या इतरांनाही दिसतं. आधी डिसमाउंट करावं, म्हणजे बंद करावं, मग उठावं.