गोधडीचा मधला भाग झाला, आता किनारीला कुठलं कापड लावायचं?

नकाशा न काढता, हाताला येतील तसे तुकडे जोडत केलेली भिंतीवरची गोधडी असली की किनारीपाशी आल्यावर बऱ्याच जणी अडकतात. मध्ये इतकं मोकळं काम केलेलं असतं आणि मग बाजारातून दीड मीटर काळं पॉपलीन आणून चारी बाजूंना सारखी पट्टी मारून टाकतात. काळं लावू नका असं नाही, पण ते शेवटी बघायचं, पहिलं नाही. काळ्या पट्टीने मधली रचना तिथल्या तिथे थांबते आणि फिके तुकडे जास्तच फिके वाटायला लागतात.

पहिलं म्हणजे मधला भाग पूर्ण होईपर्यंत किनारीचं कापड ठरवूच नका. ठरवून ठेवलं की नकळत तुम्ही त्याच रंगाकडे झुकत जाता आणि मोकळेपणा गेलाच.

मधलं झालं की पडवीच्या किंवा ओटीच्या भिंतीवर जुनी पांढरी चादर नाहीतर मांजरपाट ताणून लावा, त्यावर गोधडी टाचून घ्या. आता घरातली जी जी कापडं वाटतात ती एकेक करून कडेखाली सरकवायची, पण अख्खं कापड लोंबतं ठेवून नाही, जेवढी रुंदी प्रत्यक्षात दिसणार आहे तेवढीच घडी करून. चार इंच पसरलेला मोरपंखी आणि दीड इंचाचा मोरपंखी ही दोन वेगळी कापडं असल्यासारखी दिसतात. मग आठ-दहा फूट मागे जा आणि बघा नजर आधी कुठे जाते. किनारीवर गेली तर कापड चुकलं, किंवा कापड बरोबर आहे पण पट्टी रुंद आहे, आणि हे दुसरंच जास्त वेळा असतं म्हणून कापड बदलायच्या आधी पट्टी बारीक करून बघा.

मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग निघून गेला की कुठलं कापड गडद, कुठलं मध्यम, कुठलं फिकट हे लगेच कळतं. सगळी गोधडी मध्यम असेल तर किनार थोडी गडद किंवा थोडी फिकट हवी, नाहीतर कड हरवते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरात जो उजेड असतो त्यात लाल आणि जांभळा पार मळकट दिसतो, तेव्हा सकाळच्या उजेडात एकदा आणि रात्री दिव्याखाली एकदा, दोन्ही वेळा बघितल्याशिवाय कात्री लावू नका.

रंग कुठला? मी तरी मध्ये सगळ्यात कमी आलेला रंग घेते, कुठेतरी कोपऱ्यात दोन-तीन चिंध्या असतात ना, तो, आणि त्याचीच जरा दबलेली छटा. मुख्य रंगच परत किनारीला आला की गोधडी जड होते. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीसच्या रंगांच्या रांगाच्या रांगा असतात, तिथे गोधडीचा फोटो नको, खरी कात्रणं घेऊन जा. मोठी फुलं किनारीत नीट बसत नाहीत, अर्धी कापली जातात. बारीक चौकडा किंवा रेघा चांगल्या. रेघा कडेला समांतर ठेवल्या तर चौकट तयार होते, आडव्या म्हणजे बाहेरच्या दिशेने ठेवल्या तर गोधडी पसरल्यासारखी वाटते, मला अशा गोधडीला दुसरं जास्त आवडतं.

चारी बाजूंना एकच कापड हवं असं कुठे आहे? अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या, 2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, त्यातल्या कितीतरी गोधड्यांच्या बाजू एकमेकींसारख्या नाहीत आणि तरी तोल सुटत नाही. आपल्या जवळचंच बघायचं तर गोव्याच्या खाली उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी करतात ती कडेपासून सुरू होऊन आत आत जाते, म्हणजे त्यांचं किनारीचं कापड आधी लागतं आणि मधलं शेवटी, त्यामुळे माझा वरचा नियम तिथे उलटा होतो. तुम्हाला तसं करायचं असेल तर जरूर करा, पण मग सुरुवातच कडेपासून करा.

आता लुगड्याचा काठ. घरात आजीचं नऊवारी असेल तर मोह होतोच आणि व्हायलाच हवा. काठ उभ्या धाग्याने विणलेला असतो त्यामुळे लांबीत ताणला जात नाही, किनारीला उत्तम. पण आधी दोन्ही हातांनी जरा ओढून बघा, चरचर आवाज आला तर कापड विरलंय, मागे मलमल लावल्याशिवाय वापरू नका. जरीचा काठ समुद्राकाठच्या दमट खाऱ्या हवेत काळवंडतो हे धरूनच चला. खणाच्या कडा फार सुटतात, त्याला शिलाईची माया (शिवणीच्या आत जाणारं जादा कापड) अर्धा इंच ठेवा, बाकी सुतीला पाव इंच पुरते.

सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं, म्हणून नवीन काहीही असो, आधी धुवून घ्या. लाल, मरून, निळीचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्यावर रंग उतरला तर परत धुवा, तरीही उतरत राहिला तर ते कापड कितीही सुंदर असो, बाजूला ठेवा. फिक्या गोधडीवर एकदा लाल उतरला की जात नाही.

कापताना पट्ट्या उभ्या धाग्यात कापा, उरेब म्हणजे तिरकी पट्टी नको, ती ताणते. आणि लांबी कडेवर मोजू नका, कडा हाताळून सैल झालेल्या असतात, गोधडीच्या मधोमध टेप धरा. मध्ये 90 सेंटीमीटर आणि कडेला 92 आलं तर पट्टी 90 चीच (शिलाईची माया वेगळी), मध्याला मध्य आणि टोकाला टोक टाचून जास्तीचं कापड टाचण्यांच्या मध्ये थोडं थोडं जिरवायचं. लांब पट्टी लावत जाऊन शेवटी उरलेली कापली की किनार लाटा मारते आणि इस्त्रीनेही बसत नाही. खळ असलेलं कापड असेल तर ती पूर्ण धुऊन काढा, खळीवर पावसात बुरशी पटकन धरते आणि कसरही लागते.