झुंजणारे प्राणी जलरंगात: या चुका टाळा

दोन काळवीट शिंगांत शिंगं अडकवून एकमेकांना रेटत आहेत, असं चित्र घेतलं की बहुतेकांचा ब्रश आधी डोळ्यांकडे वळतो. झुंज दिसते ती वजनातून, म्हणून आधी वजन पकडा. प्रत्येक प्राण्याच्या मागच्या खुरापासून शिंगांपर्यंत जोराची एकच रेघ काढा. रेटणाऱ्याचे मागचे पाय लांब ताणलेले असतात. मागे सरकणाऱ्याचे पुढचे पाय जमिनीत रोवलेले असतात आणि त्याचं अंग मागच्या पायांवर बसत आलेलं असतं. दोघांचे पाय सारखे काढले तर ते नुसते समोरासमोर उभे वाटतात. वाघांच्या झुंजीत कान ताठ ठेवू नका; मागे वळलेले किंवा डोक्याला चपटे हवेत, नाहीतर खेळ वाटतो.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती दोन शरीरांचा एकच गठ्ठा झाल्याने. दोन्ही अंगं एकाच वेळी, एकाच छटेत रंगवली की ओले वॉश (पातळ रंगाचे पसरलेले थर) एकमेकांत उतरतात. एक प्राणी पूर्ण करा, वाळू द्या आणि हाताच्या पाठीने कागद तपासा: गार लागला तर आत ओल आहे, थांबा. मग दुसरा घ्या, पण अंगं जिथे भिडतात तिथे एक गडद आणि एक फिकट ठेवा. सगळ्यात धारदार कडा शिंगांपाशी हवी आणि तिथल्या वेटोळ्या कंगोऱ्यांवर कोरडा ब्रश फिरवावा. पोट आणि पाय धुळीत विरू द्या.

ही धूळ शेवटी पांढऱ्या रंगाने काढायचा मोह होतो. गडद रंगावर तो खडूसारखा निळसर दिसतो. त्याऐवजी पाय रंगवण्याआधीच खुरांभोवतीचा कागद ओला करा, म्हणजे रंग आपोआप पसरेल. कागदाची चमक जाता जाता पिळलेल्या ब्रशने थोडा रंग उचला. चमक गेल्यावर पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात तर फुलकोबीसारखे डाग पडतात, कारण जादा पाणी अर्धवट वाळलेला रंग कडेला ढकलतं.

तयार काळा रंग कातडीला निर्जीव करतो. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. निळा वाढवला तर सावली थंड होते, सिएना वाढवली तर ऊबदार. तिसरा, चौथा रंग घातला की चिखल होतो. वाळल्यावर रंग फिकट पडतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद ठेवा.

वाघाच्या मिशांसाठी मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखणारं, नंतर सोलून काढायचं रबरी द्रव) लावायचं तर कागद पूर्ण कोरडा हवा. ते लावलेलं असताना हेअर ड्रायर वापरू नका. उष्णतेने ते कागदाला चिकटतं आणि काढताना वरचा थर सोलून निघतो. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती घ्या. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत पाणी साचतं.

चुकलेली कडा ओल्या चपट्या ब्रशने हळू घासून टिश्यूने टिपता येते. थॅलो निळा आणि थॅलो हिरवा मात्र कागदात मुरतात, म्हणून प्राण्यांच्या अंगात ते वापरू नयेत.