हेड गेले असे ठरवण्यापूर्वी : फ्लेक्स मशीनच्या हेडची तपासणी आणि निगा

यवतमाळ, वर्धा किंवा वाशीम जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे मशीन चालवणाऱ्याला मेकॅनिक बहुधा नागपूर किंवा अमरावतीहून बोलवावा लागतो आणि ऐन लग्नसराईत तो लगेच येईल याची खात्री नसते. त्यामुळे छपाईत पट्टे दिसू लागले की अनेक जण एकामागून एक क्लीनिंग (पंपाने शाई ओढून हेड साफ करणे) देत राहतात आणि तरीही फरक पडला नाही की शाईचे थेंब सोडणारे हेड गेले, म्हणजे निकामी झाले, असे ठरवून नव्या हेडची चौकशी करतात. हेड हा मशीनमधील सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. परंतु बिघाड मात्र हेडपेक्षा त्याच्या भोवतीच्या स्वस्त भागांत, म्हणजे कॅप (काम नसताना हेडचे तोंड झाकणारे झाकण), तिच्यातून शाई ओढणारा पंप, डॅम्पर (हेडवरची शाईची जाळी असलेली छोटी डबी) आणि केबल यांत अधिक वेळा सापडतो. म्हणून हात लावण्याआधी दोष कोठे आहे हे ओळखणे आवश्यक आहे. येथील विवेचन एपसनची हेडे बसवलेल्या इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकाची शाई वापरणाऱ्या, मशीनपुरते आहे.

टेस्ट प्रिंट, म्हणजे नोझल (हेडवरील शाई सोडणारी सूक्ष्म छिद्रे) तपासण्यासाठीची चाचणी छपाई, काळजीपूर्वक वाचता येणे हे या कामातील मुख्य कौशल्य होय. यांपैकी डीएक्स-५ या हेडवर १८० नोझलच्या ८ रांगा असतात, एक्सपी-६०० वर तशाच ६; आणि टेस्ट प्रिंटमधील प्रत्येक बारीक रेघ एका नोझलची असते. लागोपाठ दोन-तीन टेस्ट प्रिंट काढून, त्यांवर वेळ लिहून, त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. तुटलेल्या रेघा प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी असतील तर तेथे शाई वाळून नोझल चोक झाले आहे. तुटण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर आत हवा शिरली आहे. या हेडमध्ये विजेमुळे पिझो स्फटिक वाकून शाईला धक्का देतो, आणि बुडबुडा असला की तो धक्का हवेतच जिरतो व थेंब बाहेर पडत नाही. रेघ आहे पण तिरकी आहे, तर नोझलच्या तोंडाशी कचरा किंवा धागा चिकटला आहे. टेस्ट प्रिंट पूर्ण येते, परंतु गडद रंगाचा मोठा भाग छापताना रंग हळूहळू फिका पडत जातो, याचा अर्थ शाईचा पुरवठा कमी पडतो आहे, आणि अशा वेळी डॅम्परची जाळी तुंबलेली असण्याचा संभव सर्वाधिक असतो. संपूर्ण रांग अचानक नाहीशी झाली आणि त्या डॅम्परमध्ये शाई व्यवस्थित आहे, तर केबल व कार्डाकडे (हेडला संदेश पाठवणाऱ्या सर्किटच्या पाटीकडे) वळावे.

क्लीनिंगनंतर टेस्ट प्रिंट अधिकच बिघडत असेल तर पुन्हा क्लीनिंग देऊ नये, कारण तेव्हा दोष बहुधा कॅपचा किंवा पंपाचा असतो. कॅरेज (हेड वाहून नेणारा सरकता भाग) बाजूला सरकवून कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विड काठोकाठ भरावे. पंप चालू होताच ते झटकन ओढले गेले पाहिजे. ते तसेच उभे राहिले तर पंपाची नळी पिचकली आहे किंवा तुंबली आहे. पंप बंद असताना ते आपोआप खाली उतरले तर झिरपण्याची जागा शोधावी. लिक्विड नीट ओढले जात असूनही हेडमधून शाई खेचली जात नसेल, तर कॅपच्या रबरी कडेवर वाळलेली शाई आहे की कड फाटली आहे ते पाहावे, कारण तेथून पंप शाईऐवजी हवा ओढतो. कॅप, वायपर (हेडचे तोंड पुसणारी रबरी पट्टी) आणि डॅम्पर हे झिजणारे भाग आहेत. त्यांचा एक संच दुकानात नेहमी असावा.

चोक झालेल्या नोझलसाठी घाई करू नये. कॅपमध्ये लिक्विड भरून हेड त्यावर काही तास, गरज पडल्यास रात्रभर, टेकवून ठेवावे आणि नंतर एकच साधे क्लीनिंग द्यावे. त्याने भागले नाही तरच मशीनचा वीजपुरवठा तोडून, डॅम्पर काढून, मऊ नळी लावलेल्या सिरिंजने लिक्विड थेंब-थेंब सोडावे; दट्ट्या जोराने दाबल्यास आतील नाजूक पडदा फुटतो आणि दोन रंग एकमेकांत मिसळू लागतात. लिक्विड त्या शाईसाठी बनवलेलेच हवे. सॉल्व्हंट शाईत पाणी गेले तर ती गोठल्यासारखी होते, आणि रंगाच्या दुकानातील थिनर किंवा अ‍ॅसिटोन हेडचे जोड चिकटवणारा पदार्थच विरघळवू शकतो. नोझलच्या पृष्ठभागावर कापडाने घासू नये, आणि सुती चिंधी तर जवळही आणू नये. केबलवर थेंब पडल्यास ती पूर्ण वाळेपर्यंत वीज देऊ नये. ओल्या किंवा तिरक्या बसलेल्या केबलमुळे हेड आणि कार्ड दोन्ही एका क्षणात जळू शकतात.

आपल्या भागात हेडचा मोठा शत्रू कोरडा उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत व त्याहूनही वर जातो आणि हवेतील ओलावा फारच कमी होतो, त्यामुळे नोझलच्या तोंडावरची शाई कामाच्या मधल्या विश्रांतीतही सुकते. भिंतीवर आर्द्रतामापक लावावा आणि आर्द्रता शक्यतो ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. कूलर त्यासाठी उपयोगी आहे, पण त्याचा झोत मशीनवर येता कामा नये, आणि त्याच्या जाळीतून धूळ आत येत नाही ना हेही पाहावे. याच कोरडेपणामुळे फ्लेक्सवर स्थिर विद्युत साचते आणि शाईचे बारीक थेंब अक्षरांच्या कडेला उडतात. म्हणून अर्थिंगची तपासणी करून घ्यावी आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमाने पाणी ओतावे. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानांत रुईचे तंतू उडत असतात. तेथे दारे बंद ठेवून फ्लेक्सचा रोल छपाईआधी पुसून घेणे अपरिहार्य आहे.

लाइट जाणे ही तर रोजचीच बाब. छपाई चालू असताना वीज गेली की कॅरेज मध्येच थांबते आणि हेड उघडे राहते. किमान चालू काम थांबवून कॅरेज जागेवर नेण्याइतका वेळ देणारा यूपीएस असलाच पाहिजे. तो नसल्यास स्विच बंद करून कॅरेज हाताने अलगद कॅपवर न्यावे. ज्या मशीनमध्ये कॅप मोटरनेच वर येते तेथे लिक्विडमध्ये भिजवलेला, तंतू न सुटणारा स्पंज हेडखाली ठेवावा.

पेरणीच्या दिवसांत काम कमी असते, तेव्हाही रोज एक टेस्ट प्रिंट काढावी. महिनाभर मशीन बंदच ठेवायचे असेल तर शाई काढून हेडमध्ये लिक्विड भरून ठेवणे बरे. दुसऱ्या कंपनीची शाई वापरायची असेल तर आधी नळ्या व डॅम्पर पूर्ण धुवून घ्यावेत.

हे सारे करूनही तीच रांग बंद राहिली, तर शेजारच्या चालू रांगेची केबल आणि बंद रांगेची केबल, जेथे मशीनची रचना तशी परवानगी देते तेथे, वीज बंद करून अदलाबदल करून पाहावी. दोष केबलबरोबर सरकला तर हेड चांगले आहे. तो जागेवरच राहिला तरच हेड बदलावे. डीएक्स-५ लॉक्ड (डिकोडर कार्डाशिवाय न चालणारे) आणि अनलॉक्ड अशा दोन्ही प्रकारांत मिळत असल्याने आपल्या कार्डाला कोणते चालते हे खरेदीपूर्वी निश्चित करावे. नवे हेड बसवल्यावर प्रथम ते सरळ बसल्याची खात्री करावी आणि मग दोन्ही दिशांच्या छपाईचे अलाइनमेंट, म्हणजे जुळणी, ज्या वेगाने आणि हेडच्या ज्या उंचीवर रोज काम होते त्याच वेगाने व उंचीवर, करून घ्यावे.